औषधांना दाद न देणारे जंतु



मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मुलांना शिकविण्यांत आयुष्य गेलेला एक साधा शिक्षक आहें. परंतु ज्या विषयाचा संबंध घरोघरच्या औषधांच्या पेटीशीं पोंचतो, तो केवळ वैद्यांवर सोंपवून आपणांस स्वस्थ बसतां येत नाहीं. म्हणून तो आज आपल्यापुढें माझ्या समजुतीप्रमाणें मांडीत आहें.

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग १९८२ सालीं वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. हा मुलूख अरण्याचा. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याचें वृत्त आपण अनेकदां वाचलें असेल. अशा मुलखांत आठ दिवसांचें अर्भक दूध ओढीनासें झालें, त्याचें अंग गार पडूं लागलें, तर त्या मातेनें जावें कोठें? नवजात बालकाच्या रक्तांत जंतु शिरले म्हणजे वाट पाहण्यास दिवस नसतात, तास असतात.

या प्रश्नाचें एक उत्तर गडचिरोलीनेंच जगाला दिलें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ गांवांत त्या त्या गांवच्याच स्त्रियांना शिक्षण देऊन तयार केलें. बाळाला ऊब कशी द्यावी, अंगावरचें दूध केव्हां पाजावें, श्वास कोंडल्यास काय करावें, हें त्या शिकल्या. जंतुदोषाचीं ठराविक लक्षणें दिसल्यास, आणि आईबाप रुग्णालयांत जाण्यास तयार नसल्यास, जेंटामायसिनची सुई टोंचणें व को-ट्रायमॉक्साझोलचें पातळ औषध पाजणें, हेंही त्या शिकल्या. डिसेंबर १९९९ मध्यें या कार्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना करतां, तिसऱ्या वर्षीं या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले होते. जंतुदोष झालेल्या शंभर बालकांपैकीं पूर्वीं सोळा-सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर तिघांहूनही कमी दगावूं लागलीं.

दोन जुनीं, स्वस्त औषधें आणि गांवांतलीच एक शिकलेली बाई! एवढ्या सामग्रीवर हें घडलें. परंतु यांतील औषधांचा भाग एका गृहीतावर उभा आहे. तें गृहीत असें कीं, जंतु त्या औषधांनीं मरतात. तें खोटें ठरूं लागलें तर काय होईल? आणि तें खोटें ठरतें तरी कसें? हाच आजचा विषय.

जंतु औषधाला दाद देईनासे होतात ते दोन वाटांनीं. पहिली वाट वंशपरंपरेची. चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोरा म्हटलें कीं बाबा आमट्यांचें आनंदवन व कुष्ठरोग्यांची सेवा आठवते. या रोगावर डॅप्सोन हें एकच औषध वर्षानुवर्षें चाले. पुढें त्याला न जुमानणारे कुष्ठजंतु निघाले. कोट्यवधि जंतूंत एखाद्याच्या घडणींत आपोआप एक लहानसा फरक पडतो व तो औषधांतून निभावतो. मग त्याचीच संतति वाढते. क्षयाच्या जंतूंचेंही असेंच आहे. यावर वैद्यकानें काढलेली युक्ति सोपी व नामी आहे. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं कुष्ठरोगावर दोन-तीन औषधें एकदम देण्याची पद्धत सुचविली. एका औषधापासून वांचविणारा फरक कोट्यवधींत एखाद्यांत पडतो. दोहोंपासून वांचविणारे दोन फरक एकाच जंतूंत एकाच वेळीं पडण्याचा संभव अत्यल्प. एकाच्या तावडींतून सुटला तर दुसऱ्याच्या तावडींत सांपडतो. हें गणित अचूक ठरलें व लाखो रोगी बरे झाले.

पण दुसरी वाट हें गणितच मोडून टाकते. ती प्रथम नीट ध्यानांत आली ती जपानांत. तेथें महायुद्धानंतर रक्ती आंवेच्या सांथी येत. १९५०च्या दशकांत तेथील वैद्यांना असे जंतु सांपडूं लागले कीं, जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन व क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदम दाद देत नसत. एकच औषध घेतलेल्या रोग्याच्या पोटांतूनही असे जंतु निघत. चार फरक एकाएकीं पडले म्हणावें, तर तें संभवनीय नव्हतें. १९५९ सालीं ओचिआई व आकिबा या संशोधकांनीं याचा उलगडा केला. आंतड्यांत एरवीं निरुपद्रवीपणें राहणारे दाद न देणारे जंतु आणि आंवेचे साधे जंतु त्यांनीं एकत्र ठेविले. थोड्याच वेळांत आंवेचे जंतुही तसेच झाले. बापाकडून मुलाकडे नव्हे, तर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, आणि तेंही निराळ्या जातीच्या शेजाऱ्याकडे, हा गुण गेला होता.

हा गुण ज्यांतून जातो त्यास प्लास्मिड म्हणतात. हें नांव अमेरिकेंतील लेडरबर्ग यांनीं १९५२ सालीं सुचविलें. जंतूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळें, बहुधा वाटोळ्या कड्यासारखें असें हें आनुवंशिक द्रव्याचें लहान वेटोळें होय. शाळेंतलें उदाहरण घ्या. एका मुलाच्या वहींत गणिताची युक्ति लिहिलेली आहे. दुसऱ्यानें ती उतरवून घेतली, तर पहिल्याची वही रिकामी होत नाहीं. आतां युक्ति दोघांजवळ असते आणि दोघेही ती तिसऱ्या-चौथ्यास देऊं शकतात. प्लास्मिड ही अशी वही आहे. एक जंतु दुसऱ्याकडे बारीक तंतु टाकतो, त्यास जवळ ओढतो, आणि प्लास्मिडाचा एक धागा त्याच्यांत सोडतो. दोन्हीकडे त्याची जोडी पूर्ण होते. हें सारें कांहीं मिनिटांचें काम.

वहींत लिहिलेलें तरी काय असतें? जेंटामायसिनचें उदाहरण पाहा. प्लास्मिडावरील जनुक जंतूला असें एक विकर बनवावयास शिकवितें कीं, जें औषधाच्या रेणूला एक शेपूट जोडून त्याची धार बोथट करतें. को-ट्रायमॉक्साझोलची गोष्ट निराळी. हें औषध जंतूच्या पोषणाचें एक यंत्र बंद पाडतें; प्लास्मिड त्याला तसेंच दुसरें यंत्र देतें, ज्यावर औषधाची पकड बसत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, हे दोन्ही धडे एकाच वहींत असूं शकतात. म्हणजे दोन औषधें एकदम देण्याची जी युक्ति कुष्ठरोगांत फळली, ती येथें लंगडी पडते. उलट, त्यांतलें कोणतेंही एक औषध वापरलें कीं सबंध वही बाळगणारे जंतु टिकतात व साधे मरतात. एका औषधाच्या वापरानें पांचांविरुद्धची विद्या पोसली जाते.

हा बाजार भरतो कोठें? मुख्यतः आपल्या पोटांत. निरोगी माणसाच्या आंतड्यांतही अब्जावधि जंतु दाटीनें नांदतात. सर्दीसाठीं घेतलेली प्रतिजैविकाची गोळी सर्दीच्या विषाणूला कांहींच करीत नाहीं. पण आंतड्यांतले साधे जंतु मारून वहीवाल्यांना जागा मोकळी करून देते. माणूस धडधाकट दिसतो, त्यास त्रास नसतो. पुढें एखादा रोगजंतु तेथें येतो, तेव्हां त्यास तयार वही मिळते. रुग्णालयांत तर एका रोग्याकडून दुसऱ्याकडे हातांवरून, नळ्यांवरून, अंथरुणांवरून हे जंतु जातात.

हें दूरचें भय नव्हे. कार्बापेनेम नांवाचीं, वैद्य शेवटचीं म्हणून राखून ठेवतात तीं औषधें निकामी करणारें ‘एनडीएम-१’ हें जनुक बहुधा प्लास्मिडांवरूनच फिरतें. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें कीं, या औषधांना दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकीं २२ नमुन्यांत तें सांपडलें. दुसऱ्या वर्षीं दिल्लींतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. डबक्यांतील व सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकीं ५१ नमुन्यांत आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकीं २ नमुन्यांत तेंच जनुक होतें. वही रुग्णालयाच्या भिंती ओलांडून बाहेर पडली होती.

शहरांत जंतूनें एका औषधाला दाद दिली नाहीं, तर दुसरें असतें, तिसरें असतें; त्यांची परीक्षा करणारी प्रयोगशाळा असते; खर्च करण्याची ऐपत असते. अरण्यांतील झोंपडीपाशीं उभ्या असलेल्या बाईच्या पिशवींत दुसरें-तिसरें नसतें. म्हणून औषधें बोथट झालीं तर त्याची पहिली झळ तेथल्या अर्भकाला लागते. ज्यानें एकही गोळी वायां घालविली नाहीं, त्यानें दंड भरावा, हा न्याय नव्हे.

यावर उपाय त्या गडचिरोलीच्या पद्धतींतच दिसतो. तेथें औषध सरसकट दिलें गेलें नाहीं. ठराविक लक्षणें पाहून, ठरलेल्या मापानें, ठरलेले दिवसच दिलें गेलें. आणि ऊब, दूध, स्वच्छ हात यांना औषधापूर्वींचें स्थान होतें. जो रोग झालाच नाहीं, त्याला औषध लागत नाहीं. हाच नियम आपल्या घरीं पाळावा. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागूं नये व वैद्यानें तें नाकारल्यास रागावूं नये. ज्या औषधाच्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते, तें चिठ्ठीवांचून विकत घेऊं नये. वैद्य सांगेल तितके दिवस घ्यावें, कमी नाहीं, अधिकही नाहीं. उरलेलें शेजाऱ्यास देऊं नये. रुग्णालयांत आप्तांना भेटण्यास जातांना व परत येतांना हात धुवावे.

प्लास्मिडांचा व्यवहार बंद पाडणें आपल्या हातीं नाहीं. मनुष्य पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी पूर्वींपासून तो चालत आला आहे. परंतु त्या बाजारांत कोणत्या मालाला भाव यावा, हें बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे. आपल्या कपाटांतली एक अनावश्यक गोळी आपण घेतली नाहीं, तर दूर रानांत कोणा बाईच्या हातची सुई कदाचित् वेळेवर लागू पडेल. एवढी जाणीव आपल्या मनांत राहिली तरी आजचें हें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन.