घटातले धान्य आणि टोमॅटोचे बी

(महिला मंडळाच्या नवरात्रपूर्व कार्यक्रमातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. परडीत काळी माती पसरायची, तीत सात किंवा नऊ प्रकारचे धान्य पेरायचे, मधोमध घट ठेवायचा आणि रोज माळ चढवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर डोके वर काढतात आणि दसऱ्याला तेच पिवळसर हिरवे तुरे टोपीत खोवले जातात. या आचारामागे देवीची उपासना तर आहेच, पण रब्बीच्या पेरणीपूर्वी घरातले बी कसे उगवते, हे शेतकऱ्याला दाखवून देणारी ही एक घरगुती परीक्षाही होती, असे जाणकार सांगतात. ते पटण्यासारखे आहे. आज शहरातल्या सदनिकेत घट तितक्याच भक्तिभावाने बसतो. मात्र माती रोपवाटिकेतून येते आणि धान्य वाण्याकडून. परीक्षा चालू राहिली, पण घरचे बी उरले नाही.

म्हणून यंदा घटस्थापनेच्याच दिवशी एका छोट्या कुंडीत टोमॅटोच्या दहा-बारा बिया पेरून पाहाव्यात, अशी एक सूचना आहे. टोमॅटोच का, हे डोंबिवलीतल्या एका घराच्या उदाहरणावरून कळेल.

या घरातील गृहिणी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या सासूबाई अकोल्याकडच्या. लग्न होऊन आलेल्या सुनेने पहिल्याच हिवाळ्यात टोमॅटोचे रोप लावण्याचा विषय काढला, तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "भेदरं काय पेरा लागते का? थे तं मोरीच्या पाण्यावर आपसूक निंगते!" वऱ्हाडात टोमॅटोला भेदरे म्हणतात. सासूबाईंच्या माहेरचे भेदरे लहान, पातळ सालीचे, खांद्याशी घड्या पडलेले आणि चांगलेच आंबट. परसदारी भांडी घासताना वाहून गेलेले बी मोरीपाशी रुजायचे आणि घराला कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पुरायचे. कोणी ते मुद्दाम पेरले नाही आणि कोणी मुद्दाम राखलेही नाही. पुढे घराला फरशी आली, मोरीचे पाणी बंद गटारात गेले आणि भेदरे कधी नाहीसे झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. अखेरच्या आजारात सासूबाईंना त्या भेदऱ्याच्या चटणीची इच्छा झाली. गावी निरोप गेला. भावाच्या मळ्यात टोमॅटो भरपूर होता, पण तो सारा संकरित, जाड सालीचा, बाजाराचा. जुने बी कोणाकडेच नव्हते. सूनबाईंनी बाजारच्या टोमॅटोत चिंच घालून चटणी केली. सासूबाईंनी ती खाल्ली आणि "बरी झाली" एवढेच म्हणाल्या.

येथे कोणी विचारील, की टोमॅटो मुळात परदेशी, त्याच्या जुन्या वाणाचे एवढे काय? प्रश्न रास्त आहे. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. मेक्सिकोत त्याची लागवड वाढली, तेथून स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला, असे मानले जाते. बंगालीत त्याला आजही 'विलायती वांगे' अशा अर्थाचे नाव आहे, आपल्या जुन्या पाककृतींत तो 'बेलवांगी' म्हणून भेटतो, आणि पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात त्याला अजूनही प्रवेश नाही. पण मिरचीही तेथूनच आली आणि तिच्यावाचून आज ठेचा होत नाही. एखादे बी एका मातीत पिढ्यान्पिढ्या रुजत गेले, तिथले ऊन, पाणी आणि रोग सोसत राहिले, की ते त्या मातीचे होते. वऱ्हाडातले भेदरे वऱ्हाडाचेच म्हटले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला प्रश्न बियाण्याचा. बाजारातून आणलेला टोमॅटो चिरून त्याचे बी पेरले, तर ते उगवते. मात्र तो टोमॅटो बहुधा संकरित असतो. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून त्याचे बी तयार होते आणि त्या पहिल्या पिढीत जोम व एकसारखेपणा दिसतो. त्याच्या फळातले बी पेरले, की दोन्ही पूर्वजांचे गुण विस्कळीत होऊन निघतात. एक रोप आजीवर जाते, दुसरे आजोबांवर, तिसरे कोणावर ते सांगता येत नाही. संकरित वाण वाईट असतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित वाण तीन प्रमुख रोगांना तोंड देतो आणि शेतकऱ्याला त्याचा आधार वाटतो. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमध्ये भगिनी चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढून, हाताने पराग लावून भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार करतात. फार कौशल्याचे आणि डोळ्यांना शिणवणारे काम आहे ते. मात्र ज्याला घरी बी धरायचे आहे, त्याने सरळ वाण घ्यावा. दिल्लीच्या संस्थेचा 'पुसा रुबी', राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'धनश्री' आणि 'भाग्यश्री', किंवा एखाद्या शेतकरी कुटुंबाकडचे गावरान बी. गावरान मिळाले तर उत्तमच. घेताना पाकिटावर 'एफ वन' किंवा 'हायब्रीड' हे शब्द नाहीत ना, एवढे पाहावे.

पेरणीसाठी माती हलकी हवी. चाळलेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती सारख्या प्रमाणात घ्यावी. बी अर्धा सेंटीमीटरहून खोल नसावे. पाणी तांब्याने ओतू नये, शिंपडावे. घटातले धान्य तिसऱ्या दिवशी उगवले, की मुले टोमॅटोच्या कुंडीकडे पाहून निराश होतात. त्यांना सांगावे, की हे बी सहा ते आठ दिवस घेते. दसऱ्यापर्यंत दोन दळांचे रोप दिसायला हरकत नाही. या काळात सर्वांत अधिक रोपे मरतात ती पाण्याच्या अभावाने नव्हे, अतिप्रेमाने. माती सतत ओली राहिली, की बुरशीमुळे देठ जमिनीलगत काळा पडतो आणि रोप आडवे होते. शेतकरी याला मर म्हणतात. मातीचा वरचा थर सुकू द्यावा, मगच पाणी द्यावे. आणि अंकुर दिसल्या दिवसापासून कुंडी उन्हात हवी. देवघराच्या कोपऱ्यातल्या रोपाची मान लांबते आणि मग ती सावरत नाही.

घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर एक महिना जातो आणि रोपाच्या स्थलांतरालाही तेवढेच वय लागते. एका मोठ्या कुंडीत एकच रोप, मग ती कुंडी तेलाचा १५ किलोचा डबा असला तरी चालेल, बुडाला भोके तेवढी पाडावीत. लावताना रोप खालची पाने काढून खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात. वांग्या-मिरचीच्या बाबतीत एवढे खोल पुरणे उपयोगाचे नसते. शेजारी कळकाची काठी आणि सुतळीचा सैल फास. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळत नसेल तर सरळ मेथी-कोथिंबीर लावावी, टोमॅटोच्या नादी लागू नये. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर आयुष्यभर हेच मांडत आले, की शेती म्हणजे पानावर पडणारे ऊन साठवणे होय. चार फूट गॅलरीलाही तो नियम लागू आहे.

फुले येऊन गळू लागली, की घरात चिंता पसरते. टोमॅटोच्या फुलात स्त्री-केसर आणि पुंकेसर एकत्र असतात, त्यामुळे बहुतेक वेळा ते स्वतःच्याच परागाने फळते. फक्त पराग हलायला वारा किंवा भुंगा लागतो. काचा लावलेल्या गॅलरीत दोन्ही नसतात. तेथे सकाळी फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारावी. फळाचे बूड काळे पडले, तर तो बहुधा किडीचा प्रताप नसतो. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असे झाले की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि बूड खरवडल्यासारखे होते. पाण्याची वेळ ठरवावी. पाने गोळा होऊन झाड खुजे झाले तर मात्र बोकड्या आला समजावे. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्याला औषध नाही, झाड उपटणे हाच उपाय. ते जिवावर येते, पण उपटले नाही तर शेजारचीही जातात. निंबोळी अर्काची फवारणी माशी कमी करते आणि कुंडीशेजारी झेंडू असावा, कारण फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो.

संक्रांतीच्या सुमारास पहिली फळे रंग धरतात. एका कुंडीतून हंगामात दोन-अडीच किलो फळ मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे घरखर्च वाचेल, या समजुतीत कोणी राहू नये. २०२३ च्या मे महिन्यात नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्यांना टोमॅटो कवडीमोल विकावा लागला आणि जुलैत तोच शहरांत किलोला शंभराच्या पुढे गेला. या चढउताराचा इलाज गॅलरीत नाही. मात्र ज्या गृहिणीने एका फळासाठी साडेतीन महिने पाणी घातले, ती भाजीवालीशी चार रुपयांसाठी हुज्जत घालताना थोडी कचरते, असे अनेक घरांत दिसून आले आहे.

आता खरे काम. झाडावरची सर्व फळे खाऊन टाकण्याचा मोह आवरायचा. सर्वांत निरोगी झाडावरचे, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले एक चांगले फळ दोऱ्याने खूण करून राखावे आणि पूर्ण लाल, मऊ होईपर्यंत झाडावरच ठेवावे. मुलांना आधीच बजावून ठेवावे, नाहीतर शाळेतून आल्या आल्या ते फस्त होते. मग फळ आडवे कापून बिया रसासह काचेच्या पेल्यात काढाव्यात. बीभोवती जो बुळबुळीत थर असतो, तो बीला फळातच रुजण्यापासून रोखतो. तो काढल्याशिवाय बी नीट टिकत नाही. पेल्यात किंचित पाणी घालून, वर फडके बांधून दोन-तीन दिवस ठेवावा, रोज ढवळावा. वास येईल, वर पांढरट साय धरेल. घरातले कोणीतरी ते फेकून द्यायला निघेल, तेव्हा थांबवावे. मात्र तीन दिवसांपुढे ठेवू नये, बी पेल्यातच मोड धरते. भरपूर पाण्याने धुतले की पोकळ बी तरंगते, भरीव तळाशी बसते. तळचे घ्यावे. ताटलीत पसरून सावलीत सुकवावे, कागदावर नको, चिकटून बसते. पूर्ण कोरडे झाल्यावर कागदाच्या पुडीत घालून, वर वाणाचे नाव आणि तारीख लिहून, काचेच्या बाटलीत थंड कोरड्या जागी ठेवावे. असे बी चार वर्षे सहज उगवते. एका फळात शंभरावर बिया निघतात, म्हणजे एका घराला पुरून पुडी अर्ध्या सोसायटीला वाटता येते.

असे बी राखणे आणि वाटणे हा शेतकऱ्याचा कायदेशीर अधिकारही आहे. आपल्या देशाच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या पिकाचे बी साठवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला, फक्त ते छापील नावाच्या पाकिटात विकता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हा हक्क शब्दशः अंगणात आणला. शाळेत न गेलेल्या या माउलीने वाल, भात आणि भाज्यांची शेकडो गावरान वाणे राखली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी हे काम स्वतःच्या घरातूनच सुरू केले.

डोंबिवलीच्या घरातली हकीकत मात्र अर्धी सांगायची राहिली. सासूबाई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या एका चुलत नणंदेकडे, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात, लग्नाला जाणे झाले. मांडवामागे भांडी घासायच्या जागी तेच घड्या पडलेले लहान भेदरे लटकलेले सूनबाईंना दिसले. नणंदबाईंना त्याचे काही विशेष वाटले नाही. "आमी तं थे खातही नाही आता," असे म्हणून त्यांनी मूठभर फळे रुमालात बांधून दिली. घरी येईपर्यंत निम्मी फुटली होती. त्या फुटलेल्या फळांचे बी पेल्यात ठेवले गेले, धुतले, सुकवले आणि आईंच्या कुंकवाच्या जुन्या डबीत घालून ठेवले. पहिल्या घटस्थापनेला बारा बिया पेरल्या, नऊ उगवल्या. त्यांतली तीन रोपे मरीने गेली, दोन बोकड्याने. चार राहिली.

आज येथे, बाहेर पडण्याच्या दाराशी, टेबलावर त्यांच्याच घरच्या पुड्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीत बारा बिया आहेत. नेणाऱ्यांनी फेब्रुवारीत त्यातली एक पुडी भरून परत आणावी, एवढीच त्यांची अट आहे.