आलेखालाही शेरा हवा

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री आपल्याला पाठच आहे. आज त्यातल्या हिशेबाबद्दल बोलूया.

आमच्या ग्रामसंघातले गट परतफेडीचे आकडे वहीसोबत मोबाइलवर गूगल शीट्समध्येही भरतात. त्या आकड्यांचा आम्ही आलेख केलाय. दर महिन्याचा एक खांब. आकडा बदलला की खांबही आपोआप बदलतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या ताईलाही कुठला खांब उंच, कुठला ठेंगणा ते लगेच दिसतं.

पण खांब ठेंगणा का झाला, ते आलेख सांगत नाही. आमच्या एका गटाचे खांब दिवाळीनंतर खाली आले. निम्म्या बाया ऊसतोडीला गेल्या होत्या. परत आल्यावर हप्ते भरायचे, असा ठराव गटाने आधीच केला होता. नुसता आलेख पाहणारा मात्र म्हणेल, हा गट थकबाकीत गेला. तेवढ्यावरून पुढचं कर्ज अडलं, तर त्या बायांना पुन्हा मुकादमाच्या उचलीकडेच वळावं लागेल.

म्हणून वहीत जसा शेऱ्याचा रकाना असतो, तसा इथेही शेरा लिहायचा. त्याला कमेंट म्हणतात. ज्या आकड्यावरून खांब उभा राहिला, त्या चौकोनावर बोट दाबून धरायचं, कमेंट निवडायची आणि लिहायचं, "सदस्या ऊसतोडीला. ठराव झालाय. हप्ते चैत्रात." टाइप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. शेऱ्यात @ चिन्ह लावून सचिवताईंचा ई-मेल टाकला की त्यांना निरोप जातो. त्या खालीच उत्तर लिहितात. कोणी, कधी लिहिलं तेही दिसतं. विषय मिटला की रिझॉल्व्ह करायचं.

शीट शेअर करताना अधिकार नीट द्या. व्ह्यूअर फक्त पाहतो, कमेंटर शेरा लिहू शकतो, एडिटर आकडेही बदलू शकतो. आम्ही आकडे बदलण्याचा अधिकार दोघींनाच दिलाय. बाकी गटांच्या अध्यक्षा कमेंटर आहेत.

शेरा कामापुरताच लिहा. कुणाचं आजारपण, घरातलं भांडण, खाते क्रमांक, ओटीपी यातलं काहीही तिथे नको. शीट ज्यांच्यासोबत शेअर केली आहे, त्यांतल्या इतरांनाही ते दिसू शकतं.

आणि बैठकीत आलेख दाखवाल तेव्हा शेरेही मोठ्याने वाचा. ज्या ताईला वाचता येत नाही, तिच्या नावावर काय लिहिलंय ते तिला कळलंच पाहिजे. पटलं नाही तर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत खाली लिहा. पुढच्या बैठकीत एका खांबापासून सुरुवात करून पाहा.