डायरी, तारीख आणि आपण

(म्हसळा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत येताना एका मुलाने मोबाईलवर आलेला मजकूर दाखवला. आपल्या पूर्वजांबद्दल चार घाणेरडी वाक्यं आणि वर मथळा 'खरा इतिहास'. तो म्हणाला, "सर, याला जबरदस्त उत्तर द्या." उत्तराआधी एका इतिहासकार बाईंबद्दल सांगतो.

मार्झिया कासोलारी इटलीच्या. मुसोलिनीची राजवट त्यांच्या देशाने भोगली. त्या फॅसिझमचे धागे भारतात कुठे पोचले, याचा शोध त्यांनी दोन्ही देशांतल्या दप्तरांत घेतला. दिल्लीच्या पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात (2023 मध्ये त्याचं नाव बदललं) डॉ. बा. शि. मुंजे यांचे कागद आहेत, त्यांत त्यांची डायरी. गोलमेज परिषदेहून परतताना मुंजे इटलीत थांबले. 19 मार्च 1931 रोजी मुसोलिनीला भेटले, मुलांना लष्करी वळण लावणारी 'बालिल्ला' संघटना पाहिली. आपल्याकडे असं काही हवं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. पुढे 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं.

हे सारं कासोलारींनी जानेवारी 2000 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडलं. सविस्तर इंग्रजी पुस्तक आलं 2020 मध्ये. मध्ये वीस वर्षं गेली. आपण मात्र वीस सेकंदांत फॉरवर्ड करतो!

आता एक पथ्य. मुसोलिनीला भेटला म्हणून कुणी फॅसिस्ट ठरत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही त्याला भेटले होते. भेटीतून कोणी काय घेतलं, ते कागद सांगतो. तेवढंच बोलायचं, त्यापुढे एक शब्द नाही.

हीच मोजपट्टी आपल्या घरातही लावायची. 1930 च्या दशकात अल्लामा मश्रिकींचे खाकसार खाकी गणवेशात, खांद्यावर बेलचा घेऊन कवायत करत होते. ते 'आपले' म्हणून सोडून द्यायचे का? मग दुसऱ्याला विचारायचा हक्क कुठे राहिला?

आणि आपलं म्हसळा? हे जंजिरा संस्थानातलं गाव. संस्थान 1948 पर्यंत होतं. शेजारच्या श्रीवर्धनचं भट घराणं सिद्दीच्या अमलात देशमुखी करत होतं. त्याच घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पुढे साताऱ्याला छत्रपती शाहूंचे पेशवे झाले. सिद्दी आणि मराठे लढलेही, आणि त्याच मुलखात एकमेकांची चाकरीही झाली. ज्याला फक्त लढाई विकायची आहे, तो देशमुखी सांगणार नाही. ज्याला फक्त भाईचारा सांगायचा आहे, तो लढाई लपवेल. आपण दोन्ही सांगू.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं. शिवीला शिवी नको, खोट्या पराक्रमाला खोटा पराक्रम नको. तीन गोष्टी विचार: हे कधीचं? कोणी लिहिलं? मूळ कागद कुठे आहे? उत्तर आलं नाही तर पुढे पाठवू नकोस.

आणि घरी जाऊन दादीच्या पेटीत बघा. जमिनीची जुनी खतं, मोडीतले कागद, आखातातून आलेली पत्रं असतील. रद्दीत घालू नका. फोटो काढा, तारखा टिपून ठेवा. तुमच्यातल्या दोघांनी तरी या वर्षी मोडी शिकावी. उद्या कोणी आपला इतिहास विचारला, तर मोबाईल नाही, तो कागद पुढे करता आला पाहिजे.