बातमी वाचल्यावर खाली वाकून पाहावं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तेव्हा सायबर सुरक्षेवर बोल. पण थोडक्यात, मागे जेवण गार होतंय." म्हणून आज एकच गोष्ट सांगते. तिची सुरुवात आपल्याच शाळेत झाली.

सप्टेंबर १९९५. आपण दहावीत होतो. २१ तारखेला देशभर गणपती दूध प्यायला लागले, आठवतंय ना? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची पाळी माझी होती. मी ती बातमी अगदी ठसक्यात वाचली. तिसऱ्या तासाला विज्ञानाच्या सरांनी मला पुढे बोलावलं. त्यांनी चमचाभर पाणी मातीच्या कुंडीच्या कडेला हळूच टेकवलं. चमचा रिकामा झाला. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "लोकांनी चमचा रिकामा होताना पाहिला, ते खोटं नाही. पण दूध गेलं कुठे, हे खाली वाकून कोणी पाहिलं?" कुंडीवरून पाण्याचा बारीक ओघळ टेबलावर उतरला होता.

त्याच्या पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या कॅल्गरी शहरात एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू झालं. थिओ द राट नावाच्या प्रोग्रॅमरला आधीच्या प्रकल्पातून बाहेर पडावं लागलं होतं, म्हणून त्याने आपला वेगळा संसार थाटला. नाव ठेवलं ओपनबीएसडी. आपण मोबाइलमध्ये अँड्रॉइड आणि घरी विंडोज वापरतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की याचा सगळा कोड उघडा असतो, कोणीही वाचावा. आणि या मंडळींचा मुख्य उद्योगच मुळी तो कोड ओळीओळीने वाचून चुका शोधणं हा आहे. चूक सापडली की तशीच चूक आणखी कुठे आहे का, हेही ते धुंडाळतात. बाईंनी वहीत एक शुद्धलेखनाची चूक लाल केली की पूर्ण वही पुन्हा तपासायला लावायच्या, तसंच.

तुम्ही म्हणाल, हे नाव आम्ही कधी ऐकलं नाही. पण त्यांची एक वस्तू तुमच्या रोजच्या कामात आहे. १९९९ साली त्यांनी ओपनएसएसएच तयार केलं. दूर असलेल्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्यासाठीचं हे कुलूप. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर, मॅक आणि आता विंडोजसुद्धा तेच वापरतात. तरीही ते फुकट आहे.

एवढं काम असूनही ही मंडळी बातम्यांत कधी आली? २००३ मध्ये थिओ एका कॅनेडियन वृत्तपत्राशी इराक युद्धाविरुद्ध बोलला, आणि त्यानंतर लगेच अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेकडून मिळत असलेलं सुमारे २० लाख डॉलरचं अनुदान मध्येच थांबलं, तेव्हा आली. २०१४ मध्ये त्याच्या तळघरातल्या जुन्या यंत्रांच्या विजेच्या बिलासाठी २० हजार डॉलर कमी पडले, तेव्हा आली. प्रकल्प बंद पडणार अशी हवा झाली, मग मदतही आली. एरवी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघत होती. पण वेळेवर झालेल्या कामाची बातमी होत नाही. वर्षभर नळाला पाणी आलं तर कोणी छापत नाही.

आता माझी गोष्ट. डिसेंबर २०१०. मी तिशीत पोचले होते, एका कंपनीत टीम लीड होते. आमच्या नेटवर्कच्या दारावर दोन फायरवॉल होत्या, त्या ओपनबीएसडीवर चालत. माझ्या टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याने त्या फार मेहनतीने बसवल्या होत्या. त्याचं नाव मी घेणार नाही.

एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर बातमी होती: अमेरिकेच्या एफबीआयने ओपनबीएसडीमध्ये चोरवाट ठेवल्याचा आरोप. त्यांनी विचारलं, "हे आपल्याकडे आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण काढून टाकू." तेवढ्यात माझा निर्णय झाला होता. मी फक्त मथळा आणि पहिले दोन परिच्छेद वाचले होते.

सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, मूळ ईमेल वाचलंत का? तो आरोप आयपीसेक नावाच्या भागाबद्दल आहे. आपण तो भाग वापरतच नाही." मी म्हटलं, "आत्ता चर्चेला वेळ नाही." दोन रात्री जागून आम्ही विकतची यंत्रं बसवली. घाईत एक नियम उलटा लिहिला गेला, आणि एका ग्राहकाचं काम पूर्ण दिवस बंद पडलं. चौकशीत प्रश्न आला की मुळात ही संशयास्पद सिस्टिम आणली कोणी? सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. उलटा नियम मी लिहिला होता, घाईही माझीच होती. मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला.

ते ईमेल मी वाचलं ते त्यानंतर. अमेरिकेतल्या एका सुरक्षा कंपनीच्या माजी अधिकाऱ्याने थिओला खासगी पत्र लिहिलं होतं की दहा वर्षांपूर्वी काही प्रोग्रॅमरांनी एफबीआयसाठी कोडमध्ये चोरवाटा घातल्या. पत्रासोबत पुरावा नव्हता. आणि हे पत्र जगाला कळलं ते कोणा पत्रकाराने शोधून काढल्यामुळे नव्हे. खुद्द थिओनेच ते जसंच्या तसं जाहीर केलं होतं. ज्यांना हवं त्यांनी कोड तपासावा, ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना उत्तर देता यावं, हा त्यामागचा विचार. ज्यांची नावं आली त्यांनी जाहीरपणे इन्कार केला. लोकांनी जुना कोड उकरून वाचला. काही चुका सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या. चोरवाटेचा पुरावा सापडला नाही.

बघा, बातमी खोटी नव्हती. आरोप खरंच झाला होता. चमचा खरंच रिकामा झाला होता. पण ज्याने आपल्यावरचा आरोप स्वतः चव्हाट्यावर मांडला, त्यालाच मी अविश्वासू ठरवलं. आणि जो माझ्यासमोर उभा राहून "खाली वाकून बघा" म्हणत होता, त्याचं ऐकलं नाही.

याचा अर्थ ही मंडळी देव आहेत असा नाही. त्यांचं एक घोषवाक्य होतं: मूळ मांडणीत बाहेरून शिरता येईल असं भोक पाच वर्षांत एकही नाही. २००२ मध्ये एक सापडलं. त्यांनी घोषवाक्य बदलून "एक" लिहिलं. २००७ मध्ये दुसरं सापडलं, तेव्हा "दोन" लिहिलं. आजही पहिल्या पानावर दोनच लिहिलेलं आहे. त्यातही "मूळ मांडणीत" हे शब्द नीट वाचावे लागतात, कारण मूळ मांडणीत फारच थोड्या सेवा चालू असतात. म्हणजे कौतुकाचं वाक्यही वाकूनच वाचायचं. पण आपली चूक आपल्याच पाटीवर लिहिणारी किती दुकानं तुम्ही पाहिलीत?

गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं एक उदाहरण देऊन थांबते. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमध्ये मोठी चूक जाहीर झाली. मथळ्यांत आकडा होता १ कोटी ४० लाख सर्व्हर. त्या रात्री आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या पतसंस्थेचा सर्व्हर आहे. तो म्हणाला, "अगं, प्लग काढून टाकू का?" मी म्हटलं, "थांब, मला दहा मिनिटं दे." या वेळी मी मूळ अहवाल उघडला. चूक खरी होती, गंभीर होती. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडलं होतं. पण प्रत्यक्ष हल्ला दाखवला होता तो जुन्या ३२ बिटच्या लिनक्सवर, आणि त्यालाही सरासरी सहा ते आठ तास लागत होते. ओपनबीएसडीला तर धोकाच नव्हता, कारण २००१ मध्येच त्यांनी तो भाग सुरक्षित पद्धतीने लिहिला होता. मी मित्राला सांगितलं, "प्लग नको काढू. बाहेरून लॉगिन आत्ता बंद कर, सकाळी अपडेट टाक, आणि मगच चालू कर." सकाळी सभासदांचे व्यवहार नेहमीसारखे सुरू झाले. त्याचीही बातमी झाली नाही.

त्या सहकाऱ्याला मी खूप उशिरा फोन केला. चौकशीत जे बोलायला हवं होतं ते बोलले, माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा एक वाक्य बोलला असतात तरी पुरे होतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज पाच-पन्नास बातम्या येतात. बँका बुडणार, फोन फुटणार, अमुक ॲप काढा. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारू या: हे म्हणालं कोण, त्याने पाहिलं काय, आणि मूळ कागद कुठे आहे? आणि समोरचा माणूस जर म्हणत असेल की मी तो कागद वाचलाय, तर त्याला पाच मिनिटं बोलू द्या.

सर आज आपल्यात आहेत, पहिल्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही १९९५ मध्ये शिकवलेला धडा मला २०१० मध्ये आठवला नाही. पण २०२४ मध्ये आठवला. उशीर झाला, पण वही पूर्ण केली आहे. तपासून द्यावी, ही विनंती.