बेचकी आणि पाटी



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी मुलांची शिकारीशी ओळख खेळता खेळताच होते. पहिल्या पावसात बापाबरोबर वलगणीचे मासे, मग ओहोळातले खेकडे, आणि मग गळ्यात बेचकी. कोणते पाखरू कोणत्या झाडावर उतरते, हे त्या पोराला पाठ असते. ही विद्याच आहे. तिला आम्ही रानटीपणा म्हणणार नाही.

पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांच्या शिकारीला बंदी आहे. शिवाय आपण पंचशील घेतलेली माणसे. सिद्धार्थाने मित्रांबरोबर शिकारीला जाणे नाकारले, देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी वाचवला, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे.

मात्र बंधूंनो, भरल्या पोटी हा उपदेश सोपा आहे. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली. राजपुत्रांची शिकार मौजेची होती. इथल्या पोराची शिकार कालवणासाठी असते. म्हणून आधी त्याच्या ताटात डाळ पडली पाहिजे, मगच शीलाची गोष्ट.

विद्यार्थी मित्रहो, पाड्यावर जाल तेव्हा पोराच्या हातातली बेचकी हिसकावू नका. त्याच्याशेजारी बसा, पाखरांची नावे विचारा, त्यालाच ती पाटीवर लिहायला शिकवा. ज्या पाखराचे नाव त्याने स्वतः लिहिले, त्याच्यावर नेम धरताना त्याचा हात थबकेल, असा आम्हाला विश्वास वाटतो.

जय भीम!