विहीर आटल्यावर मालक कोण?



समुद्रात तेल सापडते तेव्हा त्याच्या मालकीसाठी चढाओढ लागते. तेच क्षेत्र आटू लागले, की तेथील गंजलेल्या लोखंडाची मालकी कोणालाच नको असते. या अखेरच्या टप्प्याला तेल-उद्योगात ‘डीकमिशनिंग’ म्हणतात. विहिरी सिमेंटने कायमच्या बुजवणे, नळ व टाक्या धुऊन काढणे, समुद्रातील सांगाडे उचलून किनाऱ्यावर आणणे, ही त्यातील मुख्य कामे. शब्द तांत्रिक आहे. प्रश्न मात्र राजकीय आहे. हा खर्च कोणी सोसायचा?

ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. डार्विनच्या वायव्येस सुमारे ५५० किलोमीटरवर, तिमोर समुद्रात, लॅमिनारिया-कोरॅलिना हे तेलक्षेत्र आहे. वुडसाइड या बड्या कंपनीने १९९९ मध्ये ‘नॉर्दर्न एन्डेव्हर’ या जहाजावरून तेथे उत्पादन सुरू केले. भरभराटीची वर्षे सरली आणि २०१६ मध्ये जहाजासह सारे क्षेत्र ‘नॉर्दर्न ऑइल अँड गॅस ऑस्ट्रेलिया’ या लहानशा कंपनीच्या हाती गेले. जुलै २०१९ मध्ये सुरक्षा-नियामक संस्थेने, गंजामुळे कामगारांच्या जीविताला धोका असल्याने, उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. उत्पन्न थांबताच कंपनी कोलमडली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे दिवाळे निघाले. जहाज आणि विहिरी यांचा भार सरकारच्या शिरावर आला.

कायदा नव्हता, असे नाही. तेथील २००६ च्या कायद्याचे कलम ५७२ सांगते, की वापरात नसलेली सामग्री ‘टायटलहोल्डर’ने, म्हणजे परवानाधारकाने, काढून न्यावी. सारी मेख या एका शब्दात होती. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. नफा ज्याने नेला त्याची नव्हे. कागदावरील नाव बदलले, की कर्तव्यही दुसऱ्याच्या माथी गेले.

पुढे सरकारने दोन उपाय योजले. सर्व सागरी तेल-उत्पादकांवर पिंपामागे ४८ सेंटचा आकार बसवला. उद्योगाने त्यास विरोध केला. आणि मार्च २०२२ पासून ‘ट्रेलिंग लायबिलिटी’, म्हणजे पाठ न सोडणारी जबाबदारी, कायद्यात आणली. परवाना विकून गेलेल्या कंपनीलाही सफाईसाठी परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मात्र हा अधिकार १ जानेवारी २०२१ पासून पुढे बाहेर पडलेल्यांपुरताच आहे. ज्या व्यवहाराने धडा शिकवला, तो व्यवहारच कक्षेबाहेर राहिला!

मुंबईच्या किनाऱ्यालाही हा प्रश्न परका नाही. मुंबई हायमधून १९७६ मध्ये तेल निघू लागले. भारतात १९९९ पासून ‘साइट रिस्टोरेशन फंड’ योजना आहे. या निधीत भरलेल्या रकमेवर कंपन्यांना आयकरात वजावटही मिळते. २०१५ च्या धोरणानुसार शोध लागलेली छोटी क्षेत्रे लिलावाने खासगी कंपन्यांकडेही जाऊ लागली आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक कराराबाबत विचारले पाहिजे : निधीत प्रत्यक्ष रक्कम किती जमा आहे? क्षेत्र विकल्यावर जुना परवानाधारक बांधील राहतो काय? सफाई पुरी झाली, हे कोण ठरवणार आणि त्यात मच्छीमारांना स्थान आहे काय?

ही उत्तरे विहीर खोदण्यापूर्वी लिहून घ्यावयाची असतात. तेल संपल्यावर उत्तर देण्यास कोणी उरत नाही. उरते ते सरकार, म्हणजेच जनता.