हाडांचा हिशेब

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातला माझा प्रवास' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आपल्या ग्रुपवर वाढदिवसांच्या खालोखाल मेसेज कशाचे येतात, ते आठवा. गुडघे, कंबर, टाच! आपण सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. प्रत्येकाच्या घरात सत्तरीतले आईवडील आणि कुणाला तरी मधुमेह, थायरॉइड नाहीतर संधिवात. म्हणून आज हाडांबद्दल बोलते. मी डॉक्टर नाही. दोन घरांत जे घडलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, तेवढंच सांगणार आहे. एक घर इथलं शिरूरचं, दुसरं दौंडचं.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. आपण शाळेत होतो तेव्हा, १९९३ साली, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पाबळ परिसरातल्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांची मुलं सहा वर्षांची झाली, तेव्हा सुमारे ७०० मुलांच्या हाडांची घनता मोजली. २००६ साली निष्कर्ष छापून आले. ज्या आयांच्या खाण्यात गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळं असे कॅल्शियमचे पदार्थ जास्त वेळा होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरीव निघाली. म्हणजे हाडांचं खातं जन्माआधीच उघडतं. तिशीपर्यंत आपण त्यात भर घालतो, नंतर काढून खातो. पाळी गेल्यावर बायकांचं काढणं आणखी वाढतं. हे सगळ्यांचंच होतं. पण काही आजार आणि काही औषधं या खात्यातून आपल्याला न विचारता पैसे काढतात. माझ्या आईचं तसं झालं.

माझी आई तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचे लाडू घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहायची, तीच. तिला संधिवात झाला. सकाळी उठली की बोटं वळत नसत, भाकरी थापता येत नसे. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी म्हणून प्रेडनिसोलोनची गोळी दिली. ती स्टेरॉइडची गोळी. चार दिवसांत आई पुन्हा भाकरी थापू लागली. मग ती गोळी कोण सोडेल? जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देत होता. पुढे मी पुण्याहून मोबाइलवर मागवू लागले. दर महिन्याला आपोआप ऑर्डर जाईल अशी सोयही मीच करून ठेवली. मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

चौथ्या वर्षी आई म्हणायला लागली, "अगं, हल्ली साड्या लांब यायला लागल्यात. निऱ्या पायात येतात." मी हसले. त्या दिवाळीत फराळाच्या गडबडीत तिनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ आली. कंबर धरली म्हणून दोन महिने मलम चोळलं, शेकलं. शेवटी एक्स-रे काढला, तर मणक्याची दोन हाडं दबून चपटी झालेली. साड्या लांब झाल्या नव्हत्या, आईच दीड इंच कमी झाली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "स्टेरॉइड किती दिवस चालू आहे?" मी मोबाइलमधल्या जुन्या ऑर्डरी उघडून दाखवल्या. चाळीसच्या वर होत्या. मी ऑफिसात काय करते? एखादी गोष्ट ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालू राहिली, तर इशारा यावा अशी व्यवस्था करते. माझ्याच आईच्या बाबतीत मी तो इशारा लावला नव्हता. उलट न विचारता चालू राहील अशी सोय केली होती. कुणा दुसऱ्याला दोष द्यायला मला जागा नाही.

डॉक्टरांनी मग समजावलं. हाड दगडासारखं नसतं, ते जिवंत असतं. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नव्यानं बांधला जातो. स्टेरॉइडनं भरणाऱ्या पेशी मंदावतात, आणि सर्वांत जास्त नुकसान पहिल्या सहा महिन्यांतच होतं. त्यात संधिवाताची सूजही हाड खातेच. म्हणून ही गोळी तीन महिन्यांहून जास्त घ्यायची वेळ आली, तर हाडांचं काय, हे सुरुवातीलाच विचारायचं असतं. आईची डेक्सा तपासणी केली. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आईचा उणे ३.१ होता.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हे ऐकून कुणी घरी जाऊन स्टेरॉइड एकदम बंद करू नका. शरीर त्यावर अवलंबून राहिलेलं असतं, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. आईची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आणि संधिवातासाठी दुसरं औषध दिलं. हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी सुरू झाली. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

असं नुकसान करणारे आजार बरेच आहेत. मूत्रपिंड बिघडलं की ड जीवनसत्त्व कामाला येत नाही आणि हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरी हाड झिजतं. गव्हातलं ग्लुटेन ज्यांना सोसत नाही, त्यांच्या आतड्यात कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. थॅलेसेमियात मज्जा फुगते आणि हाड आतून पातळ होतं. मधुमेहाचं तर विचित्रच. टाइप टू मधुमेहात तपासणीत घनता चांगली दिसते, तरीही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. यातला प्रत्येक आजार आपण वेगळ्या डॉक्टरांना दाखवतो. हाडांबद्दल त्यातल्या कुणाला विचारायचं, हेच आपल्याला माहीत नसतं.

आता दौंडचं घर. तिथं माझी आतेबहीण राहते. तिची मुलगी दहा महिन्यांची असताना लंगोट बदलताना तिचं मांडीचं हाड मोडलं. चालायला लागल्यावर दुसरं, साधं घसरल्यावर तिसरं. शेजारी कुजबुजले. एका दवाखान्यात तर तिला थेट विचारलं, "पोरीला मारता का?" त्यानंतर माझी बहीण मुलीला उचलायलाच घाबरू लागली. दिवसभर गादीवर ठेवायची. मी शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत तिच्याकडे गेले, की ती एकच विचारायची, "माझंच काही चुकतंय का गं?"

पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी एक्स-रे बघण्याआधी मुलीचे डोळे बघितले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर होता. आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हाडातलं कॅल्शियम ज्याच्या आधारानं बसतं, त्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातच दोष. साधारण १५ ते २० हजार जन्मांत एखादं मूल असं असतं. निदान ऐकून माझी बहीण रडली. आपलं काही चुकलं नव्हतं, हे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. तिला ठरावीक महिन्यांनी हाडं बळकट करणारं औषध सलाइनमधून देतात. गादीवर ठेवणं बंद झालं, कारण भार पडल्याशिवाय हाड घट्ट होत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचं नाव आहे, आणि मुंबईचं केईएम त्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. कुणाच्या ओळखीत असं मूल असेल तर हे जरूर सांगा. आता ती चौथीत आहे. तिच्या बाईंनी एक साधा नियम केलाय. शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी तिला मैत्रिणीबरोबर बाहेर सोडायचं, म्हणजे गर्दीत धक्का लागत नाही. इथं बसलेल्या सर आणि बाईंना मुद्दाम सांगते, त्या पाच मिनिटांमुळे ती मुलगी शाळेत टिकली आहे.

शेवटी, आज घरी गेल्यावर चार गोष्टी करा. आईवडिलांच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि प्रत्येक गोळी कधीपासून चालू आहे ते लिहून काढा. भिंतीशी उभं करून त्यांची उंची मोजा, दरवर्षी मोजा. साध्या पडण्यानं कुणाचं हाड मोडलं असेल, तर प्लास्टर निघाल्यावर तिथंच थांबू नका, ते का मोडलं हे विचारा. आणि ताटाकडे बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली बाजरी गुणी आहे, पण कॅल्शियमच्या बाबतीत नाचणीच्या जवळपासही येत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम मिळतं. दूध-दही, नाचणी आणि थोडं ऊन वाढवायला हरकत नाही. पण कॅल्शियमच्या गोळ्या मनानं घेऊ नका, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

आई आता संध्याकाळी काठी घेऊन अर्धा तास चालते. साड्यांना तिनं खालून पट्टी दुमडून घेतली आहे. आज इथं यायचा तिचा फार आग्रह होता, पण एवढा वेळ बसवत नाही. तुमच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू मात्र पाठवलेत. जेवणाच्या टेबलावर डबा ठेवलाय, प्रत्येकानं एक घ्या.